बदामाखालचं गवत

नायगावच्या हितवर्धक जिमखान्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे असं सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते. मग पॅव्हेलियनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन दाखवला की ते हसतात. खुर्चीएवढी सीट, स्कूटरला शोभतील अशी पुढची चाकं, एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि पोटाखाली लटकलेलं पात्यांचं पसरट खोकं. परळच्या एका गिरणीत मॅनेजरच्या बंगल्यापुढे हिरवळ होती, ती कापायला हे यंत्र बोटीने विलायतेहून आणलेलं. पुढे गिरणी बंद पडली, बंगला पाडला, हिरवळीवर टॉवर उभा राहिला. हा ट्रॅक्टर तेवढा जिमखान्याने आणून ठेवला.

तो चालवायची धैर्यवानांची नलू. शाळेत पी.टी. शिकवायची. निवृत्त झाल्यावर मैदानाची जबाबदारी तिने आपणहून अंगावर घेतली. डोक्याला पांढरी हॅट, ओढणी कमरेला आवळलेली, पायात कॅनव्हासचे बूट. शनिवारी सकाळी ती मैदानाला फेऱ्या घालायला लागली की समोरच्या बीडीडी चाळींच्या गॅलरीत माणसं चहाचे कप घेऊन उभी राहायची. त्यातल्या बऱ्याच चाळी आता पाडल्या. गॅलऱ्यांच्या जागी क्रेन दिसतात, आणि वारा फिरला की गवतावर सिमेंटची भुकटी येऊन बसते.

पौषात नलू गेली. झोपेतच गेली. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे मागचं सगळं धाकट्या भावाने, गुरुदत्तने, निस्तरलं. गुरुदत्त ठाकुरद्वारला राहायचा. एका औषध कंपनीत आयुष्यभर मेंटेनन्स इंजिनिअर होता आणि नुकताच मोकळा झाला होता. फ्लॅटची चावी कुलुपात फिरवताना, तिची कपाटं रिकामी करताना त्याला फारसं काही झालं नाही. झालं ते जिमखान्याचा सेक्रेटरी सिद्धार्थ ठाकुरद्वारच्या घरी भेटायला आला तेव्हा.

"काका, ट्रॅक्टरचं काय करायचं?" सिद्धार्थने विचारलं. "पाती वर उचलायचं लिंकेज गेलंय. कमिटी म्हणतेय भंगारात द्या. गेल्या वर्षीच नवीन मशीन घेणार होतो. पण ताई अडून बसल्या. म्हणाल्या, गुरू येणारे, गुरू करेल."

राजलक्ष्मी, गुरुदत्तची बायको, चहा घेऊन आली होती, तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती खिडकीकडे बघत राहिली. तिला ते सगळे फोन माहीत होते. "गुरू, एकदा येऊन बघ रे. लिव्हर हातात राहत नाही माझ्या." आणि गुरुदत्तचं उत्तर, "बघतो ताई. हा रविवार नको, पुढच्या रविवारी." भांडण नव्हतं, अबोला नव्हता. ठाकुरद्वारहून नायगाव म्हणजे टॅक्सीने जाण्याइतकं जवळ. जवळ होतं म्हणूनच राहून गेलं.

"मी येतो," गुरुदत्त म्हणाला. "उद्याच येतो."

शेडमध्ये पेट्रोलचा आणि वाळलेल्या गवताचा वास कोंडला होता. लिव्हरच्या मुठीवर नलूने आपल्या जुन्या ड्रेसचं निळं कापड गुंडाळून दोऱ्याने शिवलं होतं. गुरुदत्तने त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. मग बाह्या दुमडून तो कामाला लागला.

यंत्रणा साधी होती. सीटच्या उजव्या बाजूची लिव्हर मागे ओढली की एक लांब सळई आडवा दांडा फिरवते, त्या दांड्याच्या टोकांना दोन लोखंडी पट्ट्या खाली लोंबतात, आणि पट्ट्यांच्या खालच्या टोकांना पात्यांचं खोकं टांगलेलं असतं. लिव्हर खाचेत अडकवली की खोकं त्या उंचीवर राहतं. इथे दोन्ही पट्ट्या कमरेतून वाकल्या होत्या, एक तर तडकलीही होती. ताईने कुठेतरी कठड्याला धडक दिली असणार, असं त्याने मनाशी ठरवलं. गंजलेल्या पिना रॉकेलमध्ये भिजवून, हातोडीने ठोकून त्याने काढल्या. वाकड्या पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि रे रोडला एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेल्या. त्याच मापाच्या, पण जास्त जाड पत्र्याच्या नव्या पट्ट्या कापून घेतल्या, भोकांत पितळी बुशच्या कड्या बसवून घेतल्या.

बसवायला सबंध सकाळ गेली. ट्रॅक्टर जॅकवर चढवला, खोक्याखाली लाकडी ठोकळे सरकवले, पट्ट्या लावल्या, ग्रीस भरलं. शेवटची पिन आत गेली तेव्हा टक् असा बारीक आवाज झाला. लिव्हर ओढल्यावर खोकं अलगद वर आलं, सोडल्यावर अलगद खाली गेलं. एवढंच काम होतं. एका सकाळचं. हातातलं फडकं चुरगाळत तो बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला.

मैदानाचा माळी नाना दारात उभा राहून बघत होता. मूळचा मालवणकडचा, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "झालां? ताई खूश झाली असती."

"हो," गुरुदत्त म्हणाला. "उशीर झाला जरा."

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तने स्वतः ट्रॅक्टर मैदानात काढला. ऊन कोवळं होतं. उत्तरेच्या कोपऱ्यात बदामाचं मोठं झाड आहे, त्याची पानं तांबडी होऊन गळत होती. पहिल्या फेऱ्या छान झाल्या. मग ट्रॅक्टर बदामाखालून जाताना उजव्या हाताशी काहीतरी हललं. लिव्हर खाचेतून सुटून मागे आली होती आणि खोकं वर उचललं गेलं होतं. थोडं पुढे गेल्यावर ते आपोआप खाली बसलं. मागे न कापलेल्या गवताचा एक तुकडा राहिला.

खाच गुळगुळीत झाली असेल, असं म्हणून त्याने कानशीने ती खोल केली. पुन्हा फेरी मारली. त्याच जागी लिव्हर पुन्हा मागे आली. जमिनीला उंचवटा असेल म्हणून त्याने फळी आणि लेव्हल आणून तपासलं. जमीन सपाट होती. सिद्धार्थला बसवून बघितलं, त्याच्याही हातून तेच. बाकी सबंध मैदानात ते लिंकेज इमानाने चालत होतं.

"नाना, इथं काही पुरलेलं आहे का? पाइप, जुना पाया?"

"काय नाय." नाना पाण्याची नळी गुंडाळत होता. "पण ताई थंय कायम उचलायची. हातान. बदाम इलो की लिव्हर वर."

"का?"

"माका काय ठावक? मी कधी विचारूक नाय."

तेवढं ऐकून गुरुदत्तच्या मनात एक वेडा विचार आला. असे विचार करणारा माणूस तो नव्हता. कारखान्यात रात्री पंप आपोआप सुरू झाला तर तो वायरिंग तपासायचा. पण आता ते निळं कापड आपल्या तळव्याखाली असताना लिव्हर मागे येते, तेव्हा ती कोण ओढतं आहे, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही. वाटलं की माहीतच आहे. ताईला सवय होती. सवय मागे राहिली असेल.

मग तो रोज सकाळी जायला लागला. गवत वाढलेलं नसलं तरी. राजलक्ष्मी डब्यात कोबीचं भानोलं द्यायची, तो शेडच्या पायरीवर बसून खायचा आणि बदामाखालून एक फेरी मारून घरी यायचा.

"बरं वाटतं का तिथे?" राजलक्ष्मीने एकदा विचारलं.

"हाताला हात लागल्यासारखं वाटतं," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

फाल्गुनात जिमखान्याची स्पर्धा आली. बदामाखालचं गवत आता पोटरीपर्यंत वाढलं होतं, रुंदीला फार नाही, लांबीला माणसाएवढं. कमिटीतले लोक कुरकुरायला लागले. हाती विळा घेऊन ते कापायला नाना तयार होईना. सिद्धार्थ म्हणाला, "काका, लिव्हर लॉक करता येणार नाही का? एकदाच. चेंडू हरवतो हो तिथे."

करता येण्यासारखं होतं. एक भोक पाडायचं, एक बोल्ट घालायचा. गुरुदत्तला ते नको होतं, पण नको का, हे सिद्धार्थला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. तो बोल्ट शोधायला शेडमध्ये गेला, तेव्हा खालच्या फळीवर रे रोडहून परत आणलेली पिशवी दिसली. जुन्या पट्ट्या. त्याने सहज एक हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट बघितली.

टांगलेल्या वजनाने पट्टी ताणली जाते. ताणलेली पट्टी लांबते, तुटते, पण कमरेतून वाकत नाही. वाकते ती दाबलेली पट्टी. त्याने बोट भोकात फिरवलं. वजन लोंबत असतं तर खालचं भोक खालच्या कडेला झिजलं असतं. हे वरच्या कडेला झिजलं होतं. नुसतं झिजलं नव्हतं, वर्षानुवर्षं घासून लंबगोल झालं होतं.

कोणी वरून लिव्हर ओढत नव्हतं. खालून खोकं वर ढकललं जात होतं.

लिव्हर हातात राहत नाही, असं ताई म्हणायची. त्याने त्याचा अर्थ लावला होता, वय झालं, मनगटं दुखतात. काय होतं गं, कुठे होतं, एवढे दोन प्रश्नही त्याने फोनवर विचारले नव्हते.

"मिळाला का बोल्ट?" बाहेरून सिद्धार्थची हाक आली.

इथेच त्याला नाही म्हणता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस गुरुदत्त हाच क्षण मनात घोळवत राहिला. पण आयुष्यभर यंत्रं उघडून बघितलेल्या माणसाला, एकदा शंका आली की बघितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय जे रोज हाताला लागत होतं ते ताईचं नाही, हे कळल्याचा एक प्रकारचा रागही आला होता. त्याने बोल्ट घातला, नट आवळला आणि सीटवर बसला.

सकाळचे खेळाडू नेटमध्ये सराव करत होते. रस्त्यावरून बस गेली. बदामाचं झाड जवळ आलं.

पुढची चाकं त्या उंच गवतात शिरली. पात्यांचा आवाज बदलला नाही. गवत कापलं जात नव्हतं.

मग सीट वर आली.

कोळीवाड्यातल्या होडीत बसलं की खालून लाट येते आणि माणसाला होडीसकट उचलते, तसं. धक्का नाही, खडखड नाही. मागची चाकं जमिनीवरून सुटून हवेत फिरायला लागली. त्याचं वजन, ट्रॅक्टरचं वजन, सगळं कोणीतरी पेललं होतं आणि त्या पेलण्याला बारीकसा कंप होता. जड वस्तू उचलल्यावर हात थरथरतात तसा.

त्याने इंजिन बंद केलं.

पाती थांबली. नेटमधल्या बॅटचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते. ट्रॅक्टर अजून वरच होता.

"सोड," गुरुदत्त म्हणाला. आपण कोणाशी बोलतोय हे त्याला माहीत नव्हतं. "बंद केलंय मी. सोड आता."

नव्या जाड पट्ट्या करकरल्या. एक वाकली, मग दुसरी. ट्रॅक्टर खाली आला. आपटला नाही. लहान मूल पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवला गेला.

तो उतरला. नाना आणि सिद्धार्थ धावत आले. त्यांनी दोरी लावून ट्रॅक्टर मागे ओढला, सिमेंटच्या पट्टीवर आणला, आणि गुरुदत्तने जॅक लावला. मग तो पाठीवर झोपून टॉर्च घेऊन खोक्याखाली सरकला.

खोक्याच्या आतल्या बाजूला जुन्या गवताचा काळा थर बसला होता, दगडासारखा घट्ट. पात्यांच्या मधोमध, जिथे चालू यंत्रात कोणालाही हात घालता येणार नाही अशा ठिकाणी, तो थर नव्हता. तिथे लोखंड उघडं होतं. देवळाच्या उंबरठ्याचं पितळ जसं पायांनी झिजून चमकतं तसं चमकत होतं. दोन जागा होत्या. बोटं वेगवेगळी ओळखू येत होती.

"काय दिसतंय काका?" सिद्धार्थने विचारलं.

"काही नाही," गुरुदत्त म्हणाला. "पट्ट्या पुन्हा करायला लागतील."

त्याने त्या पुन्हा केल्या. या वेळी जुन्याच मापाच्या, जुन्याच जाडीच्या. बोल्टचं भोक वेल्डिंगने बुजवून टाकलं. स्पर्धा बदामाखालच्या गवतासकट पार पडली. सिद्धार्थने कमिटीला काय सांगितलं कोण जाणे, पण नंतर त्या कोपऱ्याचं कोणी नाव काढलं नाही. आणि शनिवारचं गवत कापायचं काम गुरुदत्तने स्वतःकडे घेतलं.

बदाम जवळ आला की तो वेळेवर लिव्हर ओढायचा. खालून ढकलायची वेळच येऊ द्यायची नाही, एवढंच तो बघायचा. ताई हेच करत होती. एवढी वर्षं, एकटी, कोणाला न सांगता. शेवटी तिच्या मनगटांना वेळ साधत नसेल, कधी उशीर होत असेल, म्हणून पट्ट्या वाकल्या. म्हणून तिने भावाला फोन केले. ती कोणाला जपत होती, हे तिने त्याला सांगितलं असतं का? कदाचित शेडच्या पायरीवर बसून, चहा पिता पिता, सांगितलंही असतं. हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं, आणि ते न कळणं एखाद्या आजारासारखं त्याच्या अंगात मुरलं. राजलक्ष्मी एकदा म्हणाली, "तिलाही इथे येता आलं असतं ना? तूच जायला पाहिजे होतंस असं नाही." बायकोने समजूत काढायला म्हटलेलं ते वाक्य त्याने ऐकून घेतलं. पण ताईने बोलावलं होतं. त्याने नाही.

चैत्रात बदामाला नवी पालवी फुटली. वैशाखातल्या एका शनिवारी त्याने नेहमीसारखी लिव्हर वर घेतली, ते गवत ओलांडलं आणि लिव्हर खाली सोडली. ती खाली जाईना. जरा पुढे, पहिल्या तुकड्याच्या बाजूलाच, खोकं पुन्हा वर राहिलं होतं. जोर नव्हता त्यात. धसमुसळं, अर्धवट, सवय नसलेल्या माणसाने टेकू द्यावा तसं. त्याने झटकन इंजिन बंद केलं आणि ट्रॅक्टर हाताने ढकलत बाजूला नेला.

त्या दिवसापासून तो तिथेही लिव्हर उचलू लागला. दुसरा तुकडाही वाढला. पोटरीपर्यंत आला. हा पहिल्यापेक्षा आखूड होता, ताईच्या उंचीएवढा.

"आता हयपण?" नानाने विचारलं.

"हो," गुरुदत्त म्हणाला. "इथंपण."

पुढे त्या बाजूला पाणी मारताना नाना नळीचा जोर कमी करायला लागला.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शनिवारी गुरुदत्त लवकर आला. नानाचं पाणी मारून झालं होतं आणि तिरप्या उन्हात गवताच्या पात्यांवर थेंब चमकत होते. शेडमधून ट्रॅक्टर काढून तो बदामापाशी आला आणि अलीकडेच थांबला. सीटवर बसून नीट दिसत नव्हतं म्हणून तो पायदानावर उभा राहिला.

दोन्ही तुकड्यांतलं गवत दबलेलं होतं. उताणं झोपल्यासारखं नव्हे. दोघांनीही कूस बदलली होती आणि दोघांचीही तोंडं एकमेकांकडे होती. त्या दोघांच्या मधलं गवत गेल्या शनिवारी त्याने स्वतः कापलं होतं. ते आता वाढून त्यांच्या बरोबरीला आलं होतं. त्यावर पाण्याचा एकही थेंब नव्हता, कोणासाठी तरी कोरडं राखल्यासारखं, आणि मधली ती जागा एका माणसापुरती होती.